बेंबी सुकेपर्यंत

मला किळस फार लवकर येते. चहावरची साय ओठाला लागली की माझा तो दिवस गेला. मोरीच्या जाळीत केसांचा गुंता अडकलेला दिसला म्हणून मी आंघोळ न करताच कामाला गेलेलो आहे, आणि त्यामुळे बाकीच्यांना माझी किळस आली असेल, हे माझ्या डोक्यात यायला पुढची वीस वर्षं लागली.

सुरतेला डाइंगच्या मिलमध्ये लागलो तेव्हासुद्धा मी फोल्डिंग खातं मागून घेतलं. रंगाची पिंपं, वाफ, कुबट ओलं कापड, सगळं तिकडे मागच्या अंगाला. आमच्याकडे कापड यायचं ते सुकून, इस्त्री होऊन, कोरं करकरीत. आम्ही फक्त घड्या घालायच्या. रंगखात्यातून जायची वेळ आली तर मी नाकाला रुमाल लावून जायचो. तिथले आमच्याच खानदेशातले लोक म्हणायचे, "आला बामण." मला त्यात कौतुक वाटायचं.

अशा माणसाला मुलगी झाली.

नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं. पर्वत पाटियाच्या अलीकडे आमची एक खोली होती, कोपऱ्यात कमरेएवढी भिंत आणि त्या भिंतीमागे मोरी. बायकोची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपणाला माझी आई गावाहून आली. येताना तिने बाळंतशेपा, ओवा, तेलाची बाटली, बेसनाची पुडी आणि जुन्या लुगड्याचे धुऊन मऊ केलेले तुकडे आणले. डोळे मात्र नीटसे आणले नव्हते. दोन्हीत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं.

दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी सोडताना तिथल्या नर्सबेनने आम्हाला समोर उभं केलं. बोलत होती सगळ्यांशी, पण बघत होती माझ्याकडे, कारण मान मीच हलवत होतो. नाळ गळून पडेपर्यंत बाळाला पाटावर घेऊन पाणी ओतायचं नाही. कोमट पाण्यात मऊ कापड बुडवायचं, पिळायचं, अंग पुसायचं, लगेच कोरडं करून गुंडाळायचं. पाणी आधी आपल्या कोपराला लावून बघायचं. बेंबीला तेल, हळद, राख, पावडर काहीही लावायचं नाही. कानात, नाकात तेल सोडायचं नाही. आणि बेंबी रोज बघायची. लाल दिसली, पू आला, वास आला, की तसंच बाळ उचलून आणायचं.

"वास म्हणजे कसला?" मी विचारलं.

"गंदो, भाई," ती म्हणाली. "आवशे एटले समजाशे." आला की कळेलच.

घरी आल्यावर प्रश्न पडला, बघणार कोण. बायकोला टाके होते, तिला वाकता येत नव्हतं. आईला बाळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे एवढंच दिसत होतं. उरलो मी.

ती नाळ मी पहिल्यांदा पाहिली ते आजही जेवताना आठवू नये असं वाटतं. काळपट, सुकत आलेलं, टोकाला प्लास्टिकचा चिमटा लावलेलं काहीतरी. मुळाशी थोडं ओलसर, चिकट. माझ्या पोटच्या पोरीच्या पोटावर हे असं चिकटलेलं, आणि ती मजेत हात हलवतेय. मी दुपटं परत ओढलं.

"देखी का रे भाऊ?" आईने विचारलं.

"देखी," मी दाराकडे बघत म्हणालो. "छान आहे."

पुढचे दिवस मी बेंबी अशीच पाहिली. एक डोळा मिटून, एका हाताच्या अंतरावरून, श्वास रोखून. वास बघायचा होता आणि मी श्वास रोखत होतो.

आईला नुसतं पुसणं मान्य नव्हतं. "तुले बी मी पहिल्या दिसपाईन तेल लाई धोयं व्हतं," ती म्हणाली. "मरना का तू?" बायकोने गोडीत सांगितलं, "आई, नाळ पडेपर्यंतच. मग तुम्ही म्हणाल तसं." आई कुरकुरली, पण बेसनाची पुडी तिने फळीवर ठेवून दिली.

पाण्याचं मात्र मी माझ्याकडे घेतलं. नळाला सकाळी तासभर पाणी यायचं, पहिली बादली तांबूस, गंजाची. त्या पाण्यात माझी मुलगी पुसायची या विचारानेच मला कसंतरी व्हायचं. आमच्या मिलमध्ये बॉयलरच्या बाजूला एक पाइप होता. मशीनमधून फिरून आलेल्या वाफेचं पाणी तिथून यायचं, कढत आणि काचेसारखं स्वच्छ. पाळी सुटली की अर्धी मिल तिथे आंघोळ करायची. आंघोळीसाठी खानदेशातली माणसं खोलीवर जातच नसत. मी म्हटलं, उकळलेलं, गाळलेलं, तयार. याहून शुद्ध पाणी सुरतेत कुणाच्या लेकराला मिळतंय.

रंगखात्याच्या मागे रिकामे कॅन पडलेले असत. त्यातला एक निळा कॅन मी निवडला, आटे असलेल्या झाकणाचा. आधी त्यात काय होतं हे विचारायला रंगखात्यात जावं लागलं असतं, ओल्या फरशीवरून, त्या वासातून. मी गेलो नाही. तीनदा खळखळून धुतला, आत नाक घालून हुंगला. कसलाच वास नाही. माझ्या नाकाने पास केलेली वस्तू होती ती, आणखी तपासायचं काय राहिलं?

रात्रपाळी सुटली की सायकलच्या कॅरिअरला कॅन बांधून मी घरी यायचो. येईपर्यंत पाणी नेमकं कोमट झालेलं असायचं. गल्लीतल्या बायका बघायच्या आणि मी उगाच घंटी वाजवायचो.

पहिल्याच दिवशी आईने पाण्यात हात घातला आणि बोटं एकमेकांवर घासली. "हाई पानी बुयबुयीत लागस रे भाऊ."

बुळबुळीत. मी हसलो. मिलमध्ये बॉयलरसाठी पाणी मऊ करायचं एक यंत्र होतं, त्याबद्दल मला अर्धवट माहिती होती आणि मी ती पूर्ण असल्यासारखी सांगितली. खारं पाणी खरखरीत लागतं, मऊ पाणी असंच लागतं, साबण कमी लागतो, वगैरे.

"अहो, आई म्हणताहेत तर बघा ना जरा," बायको खाटेवरून म्हणाली.

"वास आहे का त्याला काही?" मी विचारलं. "नाही ना? मग?"

तीन दिवस आईने त्या पाण्याने बाळ पुसलं. चौथ्या दिवशी सकाळी अंग पुसण्याआधीच तिचा हात पोटावर थांबला. बोटं पुन्हा पुन्हा तिथेच फिरली, मग जांघेत, मग गळ्याखाली.

"तू काल बेंबी देखी व्हती का?"

"देखी."

"देखी, का नुस्तं तोंड फिराई लिधं?"

तिने बाळ माझ्याकडे सरकवलं. मी पहिल्यांदा दोन्ही डोळे उघडे ठेवून वाकलो. बेंबीभोवती रुपयाएवढा लाल पट्टा होता. जांघेच्या घड्या भाजल्यासारख्या झाल्या होत्या, गळ्याखालची कातडी कोरडी पडून फुटली होती. बाळ रडत होतं. दोन दिवसांपासून जास्त रडत होतं, आणि मी बायकोला म्हणत होतो, तिला भूक लागली असेल.

आम्ही सगळेच रिक्षाने दवाखान्यात गेलो. कॅन मी सोबत घेतला होता, कारण तोवरही मला वाटत होतं की पाणी दाखवलं की नर्सबेन माझी बाजू घेईल.

"आ पाणी क्यांथी लाव्या?" तिने विचारलं. मी सांगितलं. बॉयलर, वाफ, सॉफ्टनर. तिने पाण्याला बोट लावलं, आईसारखंच बोटावर बोट घासलं आणि लगेच नळाखाली हात धरला. मग माझ्याकडे बघितलं. कुणाच्या तरी चपलेला लागलेल्या घाणीकडे मी जसं बघतो, अगदी तसं.

"कॅनमां शुं हतुं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?" हे तिने मराठीत म्हटलं.

तिने बाळाला साध्या कोमट पाण्याने भरपूर धुतलं, टिपून कोरडं केलं आणि डॉक्टरांना बोलावलं. मला म्हणाली, जा, विचारून या.

मी कॅन घेऊन मिलमध्ये गेलो. रंगखात्यातून रुमाल न लावता गेलेला तो पहिला दिवस. तिथल्या स्टोअरच्या माणसाने कॅन ओळखला. "कॉस्टिक सोड्याचा हाय दादा. कपडा त्यात उकळते." मी म्हटलं, तीनदा धुतलाय. त्याने कॅन आडवा केला, उचलायच्या पोकळ मुठीत तार घातली आणि खरवडली. पापडासारखी पांढरी खपली फरशीवर पडली. मुठीत कुणाचं धुणं पोहोचत नाही, तो म्हणाला. गार पाण्याने सुटत नाही. गरम ओतलं की विरघळते.

मी रोज गरम ओतलं होतं. त्या खपलीला वास नव्हता.

परत आलो तेव्हा डॉक्टरांनी बॉलपेनने बाळाच्या पोटावर त्या लाल पट्ट्याच्या कडेने रेघ काढली होती. कातडी भरेल, ते म्हणाले. पण लाली नुसती भाजल्याची आहे की बेंबीत जंतू गेलेत, ते आत्ता सांगता येत नाही. लाली रेघेबाहेर गेली, पू आला, ताप आला, दूध ओढेना, तर एक मिनिट थांबायचं नाही. नाहीतर संध्याकाळी आणि उद्या सकाळी दाखवायला आणा. "बेंबी बघतं कोण?"

आई आणि बायको, दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

मी रजा टाकली. तासातासाला हात धुऊन बाळाशेजारी गुडघ्यावर बसायचं, दुपटं बाजूला करायचं आणि वाकायचं. रेघ बघायची. मग नाक जवळ न्यायचं, एवढं जवळ की तिच्या पोटाची ऊब माझ्या नाकाला लागायची. नाळेला वास होता. सुकत चाललेल्या कातड्याचा, थोडा आंबूस. मला उमासे आले, ते मी बाहेर ओट्यावर जाऊन काढले आणि हात धुऊन पुन्हा आलो. कुजका वास नव्हता. तो आला असता तर मी एव्हाना ओळखला असता. जगातले सगळे घाण वास मी आयुष्यभर याच कामासाठी जमवून ठेवले होते असं दिसतंय.

"किती झालं?" बायको विचारायची.

"रेघेच्या आत आहे."

"नक्की बघितलं?"

"नक्की."

हे दोन दिवसांत किती वेळा झालं सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ आणि लालीमध्ये करंगळीच्या नखाएवढी पांढरी जागा दिसली. मी बायकोला ओढून आणलं आणि दाखवलं. ती टाके विसरून वाकली आणि मग दुखलं म्हणून मलाच बोलली. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, भाजल्याचंच आहे, उतरतंय.

नाळ दहाव्या दिवशी पडली. मी बघत असतानाच कपड्याला लागून आली, चिमट्यासकट, हातात. मी ती चिमटीत धरून उभा राहिलो. टाकायची कुठे ते कळेना आणि ठेवायची कुठे तेही कळेना. आईने हात पुढे केला. "इकडे दे." आमच्याकडे नाळ टाकत नाहीत. तिने ती लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि फळीवर, माझ्या दाढीच्या सामानाशेजारी ठेवली. माझं दाढीचं सामान त्या दिवशी खिडकीत गेलं ते कायमचं.

बेंबी पूर्ण सुकली, कातडी भरली, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि मग पहिली खरी आंघोळ निघाली. पाणी नळाचं, उकळून निववलेलं. आईने फळीवरची पुडी काढली, पाट मांडला आणि मोरीकडे बोट केलं.

"आते तू बठ," ती म्हणाली.

"मी?"

"माले काय दिसस?"

मी पाटावर बसलो, पाय लांब केले. आईने बाळ माझ्या नडग्यांवर निजवलं, पाणी माझ्या कोपराला लावायला लावलं, आणि माझा एक हात बाळाच्या मानेखाली ठेवून बजावलं की हा हात काहीही झालं तरी निघायचा नाही. तेल लागलं. मग तिने दुधात भिजवलेला बेसनाचा गोळा माझ्या दुसऱ्या हातात दिला. तो हलक्या हाताने पाठीवर फिरवला की राखाडी, केसाळ शेवया निघत होत्या, माझ्या पायांवर पडत होत्या, मोरीच्या जाळीकडे वाहत होत्या. पाय ओढून घ्यावेत असं वाटलं, पण पायांवर ती होती.

आणि तेवढ्यात तिने केलं. पिवळं, पातळ, भरपूर. माझ्या पोटरीवरून गरम ओघळत घोट्यापर्यंत गेलं. मी तसाच बसलो, मानेखालचा हात न हलवता, तोंड वाकडं करून.

आईला दिसलं नव्हतं. तिने फक्त माझा श्वास अडकलेला ऐकला.

"वास येस का?"

"येस," मी म्हणालो.

"मंग भेवानं कारन नही," आई म्हणाली, आणि तिने तांब्यातली धार माझ्या पायांवर सोडली.