नरम केलेले शॉकअप

बँकेत लागून चार वर्षं झाली तेव्हा मी एक जुनी मोटार घेतली. त्या काळी मुंबईत टॅक्सीला असायची तीच जात. मालवणहून कुडाळच्या शाखेत जायला एसटी होती, त्यामुळे गाडीची खरी गरज नव्हती. घरी मी सांगितलं, बाबांसाठी घेतोय. बाबा निवृत्त शाळामास्तर. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना एसटीचे हादरे सोसत नसत. आणि त्यांची एकुलती बहीण, माझी आते, रेडीला होती. महिन्यातून एकदा त्यांना तिच्याकडे न्यायचं ठरलं. पहिलं वर्षभर मी नेलंही.

मग गोव्याच्या काही मित्रांबरोबर मी घाटातली मोटारींची शर्यत बघायला गेलो आणि डोक्यात वारं भरलं. आधी सायलेन्सर बदलला, मग कार्बुरेटरशी खेळ झाले. पण गाडी वळणावर एका बाजूला अशी झुकायची की वेग धरताच येत नसे. स्प्रिंगा आणि शॉकअप बदलल्याशिवाय इलाज नव्हता.

कुडाळला बाजाराच्या रस्त्यावर एका मेस्त्रीचं गॅरेज होतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मुंबईत काम शिकून गावी परतलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याच्या मते कोल्हापूरच्या एका स्प्रिंगवाल्याकडून गाडीच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगा वळून घ्याव्यात आणि शॉकअप साधेच, पण नवे बसवावेत. गाडी झुकायची कमी होईल आणि आपल्या रस्त्यावर चालेलही.

पण तोवर मी वास्कोला जाऊन दुसरंच काही बघून आलो होतो. तिथे एका बोटीवरच्या इंजिनिअरने परदेशातून आणलेला जोड विकायला काढला होता. शॉकअपच्या अंगाभोवतीच पिवळीधमक स्प्रिंग बसवलेली. खालच्या आट्यांवरची चकती फिरवली की गाडी खाली बसणार, वरची काळी कळ फिरवली की शॉकअप कडक किंवा नरम होणार. एकेक टप्प्याला कळ ‘कट्ट’ वाजायची. मी ती हातात धरून कितीतरी वेळ नुसती फिरवत बसलो होतो.

मेस्त्रीने तो जोड उलटसुलट करून पाहिला.

“वस्तू बरी आसा,” तो म्हणाला. “पण ती गुळगुळीत रस्त्याची. गाडयेत कोण कोण बसतले?”

“मी,” मी म्हटलं.

“आणि मास्तर?”

“बाबा महिन्यातून एकदा बसतात, मेस्त्री. तेवढ्यासाठी काय सगळी गाडी नरम ठेवची?”

आमच्या गाडीला तो जोड सरळ बसणार नव्हता. मेस्त्रीने स्वतः माप घेऊन लेथवर ब्रॅकेट करून आणले आणि अकरा दिवस खपून काम असं केलं की कुठे खुट्ट म्हणून आवाज येईना.

गाडी वळणाला चिकटून चालू लागली. त्या आनंदात मी पुढच्याच रविवारी बाबांना रेडीला घेऊन गेलो. खनिजाच्या ट्रकांनी तिकडचा रस्ता उखडून टाकला होता. एकेक खड्डा दातांपर्यंत पोचत होता. बाबांनी दारावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. आतेच्या दारात गाडी थांबली तरी ते बराच वेळ उतरले नाहीत. मला वाटलं, समोर माड बघत बसलेत.

पुढच्या महिन्यात ते म्हणाले, “माका आज बरा वाटणा नाय. तू जा. आतयेक हे सुके बांगडे नेवन दी.” त्याच्या पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी निघालं. मी एकटाच जाऊन आलो आणि किती कमी वेळात पोचलो ते कौतुकाने त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून मान डोलावली. मग माझंही जाणं बंद पडलं. एकदाही मी त्यांना विचारलं नाही की बाबा, पाठ दुखते का?

त्या थंडीत आंबोलीच्या घाटात शर्यत ठरली. एकेक गाडी दाणोलीकडून वर सोडायची आणि घड्याळ लावायचं. नेमकं त्याआधी बँकेने मला पंधरा दिवस कोल्हापूरला प्रशिक्षणाला धाडलं. गाडी मेस्त्रीकडे ठेवली. शर्यतीच्या सकाळी शेजारचा एक ड्रायव्हर ती दाणोलीला आणणार आणि मी कोल्हापूरहून एसटीने परभारे उतरणार, असं ठरलं.

मी पोचलो तेव्हा गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी, कमरेला पट्टा बांधून, डोक्याला मफलर गुंडाळून बाबा उभे होते. ते ड्रायव्हरबरोबर त्या गाडीत बसून येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“तुझी गाडी धावताना बघूची होती,” ते म्हणाले.

मला बरं वाटलं, पण बोलायला वेळ नव्हता. माझा नंबर तिसरा होता. मी हेल्मेट चढवत असताना बाबा खिडकीशी आले.

“अरे, मेस्त्रीन तुका एक सांगूक सांगल्यान हा...”

“बाबा, मगे सांगा. आता नको.”

ते लगेच मागे झाले. शाळेत इतकी वर्षं पोरांना गप्प करणारा माणूस माझ्या एका शब्दावर गप्प झाला.

पहिल्या दोन वळणांवरच गाडी वेगळी वाटत होती. तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला तशी ती नाकावर वाकली, मग डुलली, मागचा भाग फिरला आणि कठड्यावर आपटून आम्ही डोंगराकडच्या गटारात गेलो. मला कोपराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीची एक बाजू चेपली. मी वाकून पाहिलं, तर दोन्ही शॉकअपच्या कळा अगदी नरमवर होत्या.

बाबा धापा टाकत घाट चढून आले. माझे हातपाय चाचपून पाहिले आणि रस्त्याच्या कडेलाच बसले.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रीच्या गॅरेजात गेलो. गिऱ्हाइकं उभी होती. रागात मी बँकेतली मराठी बोलू लागलो.

“तुम्ही माझ्या गाडीला हात का लावलात? मी मेलो असतो तर? हे असलं काम करता तुम्ही?”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. “बाबा होते मां थंय?” त्याने विचारलं.

“बाबांना मध्ये आणू नका.”

तो पाना उचलून परत कामाला लागला. मी गाडी दुसरीकडे दुरुस्तीला टाकली आणि का ते शाखेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो.

तीनेक आठवडे गेले. एके दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, गाडी मेस्त्रीकडे का नाही? मी कारण सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“तेचो काय दोष नाय रे. मीच तेका इचारलंय, माका आंबोलेक जावचा आसा, पाठीक सोसात असा काय करशीत? तेणा नरम केल्यान. मेस्त्री म्हणालो, ड्रायव्हर इसारतलो, मास्तर इसारूचे नाय. शर्यतीआधी कळ आठ वेळा फिरव म्हणान तुमच्या झिलाक सांगा.” मग म्हणाले, “मी परत सांगूक व्हया होता. तुका राग इलो म्हणान...”

ते अपराध्यासारखे ताटाकडे बघत होते.

उद्या मेस्त्रीकडे जायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं. मग सोमवारी, मग बाजाराच्या दिवशी. गॅरेजपुढून जाताना तो गाडीखाली असला की मला सुटल्यासारखं व्हायचं. लोकांत ओरडलो होतो, माफीही लोकांतच मागावी लागली असती. ते मला जमत नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजला कुलूप दिसलं. तो मस्कतला कामाला गेल्याचं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. तिथला पत्ता मिळवता आला असता. मी मिळवला नाही.

पिवळा जोड मी काढून टाकला आणि कोल्हापूरहून स्प्रिंगा वळून आणल्या. पाऊस सरल्यावर बाबांना रेडीला नेलं. कुडाळला ते बंद गॅरेज मागे पडलं तेव्हा बाबांनी विचारलं, “जावच्या आधी तेका भेटलंस मां? सांगलंस मां?”

“सांगलंय,” मी म्हटलं.

“काय म्हणालो तो?”

“काय नाय. हसलो तो.”

“बरो माणूस,” बाबा म्हणाले आणि सीटला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले.