नाकाची सही

गल्लीच्या टोकाला, सायकलवाल्याच्या दुकानाला लागून एक गॅरेज होतं आणि त्याच्या मालकाला सगळे ‘नाकसाहेब’ म्हणत. तेही तोंडावर! नाक काही मोठं नव्हतं हो, चारचौघांसारखंच. पण गाडीच्या दारात उभं राहून एकदा श्वास ओढला की ते सांगायचे, पेट्रोल टाकीपाशी गळतंय की इंजिनापाशी. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही. त्यामुळे तिथली पद्धतच पडून गेली होती. पेट्रोलच्या नळीचं काम झालं की टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप थोडा वेळ चालवायचा, काचा वर करून दारं लावायची आणि तासाभरानं नाकसाहेबांनी आत डोकं घालायचं. ‘नाही वास’ म्हणाले की गाडी सुटली. याला म्हणायचं नाकाची सही.

त्यांच्या मुलाला ग्रीसची शिसारी आणि सुनेला पान्यांचा लळा. देणारा असं उलटंसुलटं देतो खरं! सून नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होती. आज सकाळचीच गोष्ट. घरात दूध उतू जाऊन करपलं, करपट वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला, शेजारची बाई धावत आली. आणि सासरे गॅसपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. मागच्या महिन्यातल्या तापानंतर ते भाजीला चव नाही म्हणून कुरकुर करायचे. तिला वाटायचं, आपलंच मीठ कमी पडतंय. आता लख्ख कळलं. पण सासऱ्यांना विचारणार कसं? त्यांनी तर केव्हाच सांगून ठेवलं होतं, नाक गेलं की त्या दिवशी पाने खाली ठेवीन.

आणि नेमकी आज ती गाडी उभी होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंची, त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. बाटलीच्या काचेसारखी हिरवी आणि इतकी बसकी की आत शिरायचं तर आधी टोपी काढावी. सून पहिल्यांदा तिच्याखाली सरकली तेव्हा क्षणभर पानाच विसरली. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी टाकीपासून इंजिनापर्यंत तांब्याची एक नळी अशी वळवत नेली होती की कुठे कोपरा नाही, कुठे घाई नाही. “बघून घे,” सासरे म्हणाले होते, “असं काम आता बघायला मिळत नाही.” तांब्याच्या दोन्ही टोकांना जोडलेले रबरी तुकडे मात्र फुगून तडकले होते. दोघांनी ते काढले, नवे घातले, क्लिपा बेतानं आवळल्या. फार आवळलं की क्लिपच रबर कापते.

अकरा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. बाहेर रिक्षात त्यांची आई बसलेली, ऐंशीच्या पुढची. नवरा गेल्यापासून त्या या गाडीत बसल्या नव्हत्या.

“झाली का नाकाची सही?”

“हे काय, आत्ता करतो,” म्हणत सासऱ्यांनी दार उघडलं, आत डोकं घातलं, डोळे मिटले. सुनेला पुढचं सगळं दिसायला लागलं. ते ‘नाही वास’ म्हणणार, या दोघी निघणार, आणि कुठे पेट्रोल राहिलं असेल तर? गाडी पेटायला एक ठिणगी पुरते. बोलावं तर सासऱ्यांची चाळीस वर्षं चव्हाट्यावर येणार. न बोलावं तर कसं? ती एक पाऊल पुढे आलीसुद्धा.

पण सासऱ्यांनीच डोकं बाहेर काढलं. चेहरा पांढरा पडला होता. “सूनबाई,” ते म्हणाले, “तू घे. मला नाही येत आता.”

तिनं आत वाकून श्वास घेतला. “बाबा,” ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं, “आहे. थोडा, पण आहे.”

आता म्हातारा खचणार, असंच कुणालाही वाटलं असतं. छे! त्यांनी हात साबणानं धुतले, खडखडीत पुसले आणि गाडीखाली सरकले. “पंप चालू कर.” कोरड्या फडक्यानं नळी टोकापासून टोकापर्यंत पुसली. मग डोळे मिटून उलट्या हाताचं मनगट नळीवरून वीतवीतभर न्यायला लागले. सून शेजारी आडवी पडून बघत होती. श्वासही हळू घेत होती. नळी गाडीला धरून ठेवणाऱ्या मधल्या एका पट्टीपाशी हात थांबला. मागे आला. पुन्हा थांबला.

“इथे हात लाव. गार लागतंय?”

लागत होतं. सुईच्या टोकाएवढं, पण गार! पट्टी सोडली तर खाली तांबं घासून झिजलं होतं. थेंब खाली पडायच्या आधीच पेट्रोल उडून जात होतं, म्हणून हाताला गार लागत होतं आणि डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. चाळीस वर्षं लोक नाकाचं कौतुक करत राहिले आणि या हातांकडे कुणी बघितलंच नाही. तिनंही नाही.

तेवढा भाग कापून दोघांनी नवं तांबं जोडलं. वळण सासऱ्यांनी हातानंच दिलं, जुन्याला शोभेल असं. पुन्हा पंप, पुन्हा मनगट, पुन्हा बंद दारं. तासाभरानं सुनेनं आत डोकं घातलं.

“नाही वास.”

“पेट्रोलचा नाही,” सासरे तिच्या मागेच उभे होते. “बाकी कसला येतोय?”

“चामड्याचा, बाबा. जुन्या लाकडाचा.” तिनं पुन्हा श्वास घेतला. “आणि तंबाखूचा. अगदी पुसट.”

केव्हाच रिक्षा सोडून गॅरेजच्या दाराशी येऊन थांबलेल्या आजी पायरीवर बसल्या. “त्यांचा पाइप,” त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. “सांग,” ते सुनेला म्हणाले, “अजून सांग.”