शुद्ध मराठीतला डॉक्टर

आमच्या बाबांना हिंदीतल्या आरोग्याच्या व्हिडिओंचा भारी तिटकारा. "सब बकवास," म्हणत डिलीट करायचे. पण उज्जैनमध्ये जन्म काढलेल्या मराठी माणसाची एक खोड असते. कुणी पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोललं की आम्ही विरघळलोच. आमच्या मराठीत निम्मी हिंदी, त्यामुळे शुद्ध बोलणारा आपोआप विद्वान.

बाबांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. एका सकाळी आई म्हणाली, "अगं, हे टावर चौकात औषधं आणायला गेलेच नाहीत या महिन्यात." मी विचारलं, तर बाबा शांतपणे म्हणाले, "बंद केली. एका डॉक्टरनं व्हिडिओत सांगितलंय, लसूण-मधानं तेच काम होतं."

माझं डोकंच सणकलं. मोबाइल ओढून घेतला. पांढरा कोट, गोड आवाज, अस्खलित मराठी. पण गृहस्थ शिकला कुठे, कुठल्या दवाखान्यात बसतो, कशाचा पत्ता नाही. खाली त्याच्याच चूर्णाची जाहिरात.

"बाबा, हा दुकानदार आहे," मी म्हणाले.

"पण बोलतो किती छान, बघ तरी."

आता काय कपाळ फोडून घ्यायचं?

तसंच रिक्षात घालून त्यांना माधव नगरला त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ते छातीवरून हात फिरवत होते आणि मी रिक्षावाल्याला घाई करत होते. तपासणी ठीक निघाली. डॉक्टर म्हणाले, "अंकल, स्टेंट बंद हो जाता तो यहाँ तक पहुँचते भी नहीं. मुझसे पूछे बिना गोली मत छोड़ना."

बाहेर बाबा बाकावर बसले ते उठेचनात. मग हळूच म्हणाले, "तो व्हिडिओ मी देवासला पाठवला होता."

देवासला माझी आत्या, त्यांची धाकटी बहीण. तिलाही स्टेंट आहे.

फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला. मला इतकी भीती बाबांसाठीही वाटली नव्हती. शेवटी आत्याचा आवाज आला. "गोळी? ती सोडली गं मी. व्हिडिओ पूर्ण कुठे पाहिला, पण दादानं पाठवलाय म्हणजे बरोबरच असणार."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. माझं ऐकू नकोस. मला यातलं काही कळत नाही."

पलीकडून आत्यानं विचारलं, "मग पाठवलास कशाला, दादा?"