गोमतीबाईंची जंबेरी

इंझोरीत ख्रिस्ती माणसाचं घर एकच होतं, आणि त्या घरात माणूसही एकच. गोमतीबाई. गावाच्या उगवतीला, गुलाबराव माळ्याच्या मळ्याला लागून एक लांबट खोली आणि पुढे शेणाने सारवलेलं अंगण. ही खोली कधीकाळी मिशनने प्रार्थनेसाठी बांधलेली. पंचवीस माणसं बसतील एवढी सतरंजी अजून फळीवर गुंडाळून ठेवलेली असे. वर्षातून एकदा बाई ती उन्हात टाकत, झटकत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत. तिच्यावर बसायला कोणी येत नसे.

तीस वर्षं बाई मिशनच्या कामावर होत्या. घरोघर जायचं, बायाबापड्यांना अक्षरं शिकवायची, दुखऱ्या डोळ्यांत औषध घालायचं आणि जमेल तसं येशूची गोष्ट सांगायची. बाया गोष्ट मन लावून ऐकत. चहा पाजत. "बाई, तुमचा देव लय चांगला हाय," असंही म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पोहरादेवीच्या यात्रेला निघायच्या गडबडीला लागत. तीस वर्षांत बाप्तिस्मा कोणीही घेतला नाही. मिशनचे गोरे लोक परत गेले, पगार थांबला, बाई मात्र राहिल्या. जायचं तरी कुठे? त्या वाशीमच्या मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. माहेर असं नव्हतंच. पोटी मूल झालं नाही.

त्यांचे यजमान शांतवन मिशनच्या बंगल्यावर बागवान होते. हाताला गुण असलेला माणूस. पण जन्मभर दुसऱ्याच्याच बागेत खपले. दरवर्षी पावसाळी पिकं निघाली की वाशीमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होई. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या शेतातलं पहिलं पीक आणून पुढच्या टेबलावर ठेवायचं. कोणी ज्वारीची कणसं आणी, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी भोपळा, एखादा कोंबडीही आणी. शांतवन बंगल्याच्या बागेतली भाजी ठेवत. ठेवताना मान खाली असे. घरी आल्यावर म्हणत, "गोमती, एकदा तरी आपलं स्वतःचं काही ठेवलं पाहिजे त्या टेबलावर."

म्हणून त्यांनी इंझोरीच्या अंगणात संत्रं लावायचं ठरवलं. संत्रं थेट बीपासून लावत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं. जंबेरी म्हणजे रानटी लिंबाची जात. काटेरी, चिवट, मुळाची घट्ट. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चीर द्यायची, गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची कळी, त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपाने, खोडाच्या वाळक्या सालीने, बांधायचा. डोळा फुटला की वरची जंबेरी कापून टाकायची. मूळ जंबेरीचं, फळ संत्र्याचं. शांतवनांनी १९७०च्या जानेवारीत बंगल्यातल्या जुन्या झाडाचा डोळा आणून बांधला. पंधरा दिवसांत त्यांच्या छातीत कफ भरला. वाशीमच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीत पडल्या पडल्या त्यांनी बाईंना सांगितलं, की गाठीच्या वरून फूट आली तर जपायची, गाठीच्या खालून आली तर खुडायची, हात कचरू द्यायचा नाही. आणि पहिलं फळ सणाच्या टेबलावर.

त्यांना वाशीमलाच माती दिली. बाई महिन्याने परत आल्या तर अंगणात शेरडं शिरून गेलेली. रोपाचा शेंडा खाल्लेला, गाठीतला डोळा वाळून काळा पडलेला. पण एक कोवळी फूट आलेली होती. तांबूस, ओलसर, करंगळीएवढी. गाठीच्या बोटभर खाली.

बाई तिच्यासमोर बराच वेळ बसून राहिल्या. त्या अंगणात दुसरं हिरवं असं काही नव्हतं. खुडायला म्हणून पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. मग गाठ नक्की कुठे होती, सोप सरकलं तर नसेल, असं त्या स्वतःलाच विचारू लागल्या. दोन दिवसांनी सोप काढून टाकलं. त्यानंतर खाली-वर असं काही उरलंच नाही. फुटीला काठीचा आधार दिला आणि भोवती आळं केलं.

झाड जोमाने वाढलं. सकाळी भांड्यांचं पाणी त्याच्या बुडाशी ओतताना बाई त्याच्याशी बोलत. रात्री कोण कुत्रं भुंकत होतं, गुडघा कसा आहे, तुळसाबाईच्या सुनेला दिवस गेलेत असं. तुळसाबाई म्हणजे गुलाबरावची बायको. दुष्काळाच्या साली विहिरी आटल्या तेव्हा बाईंनी आंघोळीचं पाणी निम्मं केलं, झाडाचं केलं नाही.

दर तिसऱ्या महिन्याला वाशीमहून चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, येत. तरुण होते, उत्साही होते. सतरंजी न अंथरता दोघंच खाटेवर बसून प्रार्थना करत. साहेबांना ते झाड फार आवडे. ते म्हणत, माणसाचा मूळ स्वभाव म्हणजे जंबेरी. त्याच्यावर प्रभूचा डोळा बांधला गेला की फळ बदलतं. आत्म्याचं फळ एकच, पण संत्र्यासारख्या त्याच्या नऊ फोडी. मग बोटांवर मोजत: प्रेम, आनंद, शांती, सोसणं, माया, चांगुलपणा, भरवसा, सौम्यपणा, स्वतःला आवरणं. ते गेल्यावर बाई या नऊ फोडी एकटीनेच पुन्हा मोजत. सोसणं होतं. मायाही असेल. आनंदापाशी आलं की बोट थांबे, आणि त्या पुढचं न मोजताच उठून चूल पेटवत.

पंचाहत्तर साली झाडाला फुलं आली आणि फळं धरली. साहेबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी ठरवून टाकलं, की यंदाच्या सणाचं प्रवचन याच झाडावर. बाईंनी फळं आणायची, मंडळीसमोर ती सोलायची आणि लेकरांना एकेक फोड द्यायची. वाशीमला सगळ्यांना कळवूनही टाकलं.

दिवाळी झाली. फळं मोठी झाली आणि पिवळी पडली. केशरी नाही, पिवळी. सालीवर गाठी, टोकाला बोंड. बाई रोज बघत आणि रोज म्हणत, अजून पिकायची आहेत. सणाच्या अलीकडच्या गुरुवारी त्यांनी एक फळ तोडून विळीवर चिरलं आणि फोड जिभेला लावली. दात आंबले. डोळ्यांत पाणी आलं.

गुलाबराव पाण्याची पाळी संपवून खांद्यावर फावडं घेऊन कुंपणापाशी आला. त्याने विळी पाहिली, फोड पाहिली आणि बाईंचं तोंड पाहिलं. काही विचारलं नाही. तेवढ्यावरून बाईंना कळलं.

"तुला माहीत होतं?"

"पानावरून समजते, बाई. काटा पाहा ना केवढा हाय. पयल्याच साली समजलं."

"मग काहून नाही सांगितलं?"

गुलाबरावने फावडं खाली ठेवलं आणि उकिडवा बसला. "तुमी रोज सकायी त्याच्यासंगं बोलत राह्यता. मी वाफ्यात पाणी देतो तं मले आयकू येते. आता कोन सांगन?"

बाईंना राग आला. पाच वर्षं कुंपणाच्या पलीकडे बसून हा माणूस सगळं जाणून होता. पण राग त्याच्यापाशी टिकेना, फिरून आपल्याकडेच येई. गाठीच्या खाली बोटभर. ते अंतर त्यांना अजून डोळ्यांपुढे दिसत होतं.

शनिवारी गुलाबराव टोपलीभर संत्री घेऊन आला. केशरी, चकचकीत, देठाला दोन दोन पानं राखलेली. तो म्हणाला की त्याच्या मळ्याची माती अन बाईंच्या अंगणाची माती एकच, मधी नुसतं काट्याचं कुंपण. हीच टेबलावर ठेवायची. शहरातल्या साहेबाला काय समजते?

"देवाला समजेल," बाई म्हणाल्या.

"देवाले तं जंबेरीबी समजली असन. तो बोलला काय पाच वर्षं?"

बाईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण ते कुठवर आणायचं आणि कुठे थांबवायचं हेच त्यांना उमगेना. त्यांनी टोपली ठेवून घेतली.

रविवारी पहाटेच्या एसटीने त्या निघाल्या. मांडीवर संत्र्यांची टोपली, पायाशी पिशवीत जंबेऱ्या. पिशवी का घेतली ते त्यांना सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईने संत्र्यांचा भाव विचारला. विकायची नाहीत, म्हणाल्या.

चर्च भरलेलं होतं. टेबलावर कणसं, शेंगा, कापसाची बोंडं, नारळ. पाय बांधलेली एक कोंबडी बाकाखाली कुरकुरत होती. पाळकसाहेब ताट आणि सुरी घेऊन उभे होते, लेकरं पुढच्या चटईवर दाटीने बसली होती. साहेबांनी हाक दिली, "या गोमतीबाई, आणा तुमचं फळ."

बाईंचा हात टोपलीच्या कानाला गेला. टोपली उचलली तशी एकदम शांतवनांची खाली गेलेली मान आठवली. बंगल्याची भाजी ठेवताना जायची तशी. ही संत्री ठेवली तर आजही दुसऱ्याच्याच बागेतलं ठेवणार होतो आपण. त्यांनी टोपली बाकावर ठेवली, पिशवी घेतली आणि पुढे जाऊन एक एक जंबेरी टेबलावर मांडली. साहेबांनी एक उचलली आणि सुरी लावली.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ते संत्रं नाही. जंबेरी आहे. यांनी बांधलेला डोळा वाळला होता. खालची फूट खुड म्हणून मला सांगितलं होतं. मी खुडली नाही. मला दिसत होतं, तरी वाढवली."

मग मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "लोनच्याले बेस होते जंबेरी." लेकरं हसली, मोठी माणसंही हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पाळकसाहेबांनी सुरी ताटात ठेवली. म्हणाले, "बसा बाई." मग खिशातला कागद काढून लिहून आणलेलं प्रवचन वाचलं. दुसरं तयारच नव्हतं. 'या गोड फळाप्रमाणे' असं त्यात तीनदा होतं. तिन्ही वेळा ते अडखळले आणि तिन्ही वेळा वाचून पुढे गेले. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. नऊ फोडींची नावं आली तेव्हा त्यांनी मोजली नाहीत.

दारात साहेब म्हणाले, "आधी सांगायचं होतं, बाई."

"पाच वर्षं मला स्वतःलाच सांगता आलं नाही, साहेब."

टेबलावरचं सगळं वसतिगृहात आणि आजाऱ्यांना वाटून झालं. म्हातारीने दोन जंबेऱ्या पदरात घेतल्या, बाकीच्या तशाच राहिल्या. बाईंनी त्या पुन्हा पिशवीत भरल्या. कबरस्तान जवळच होतं, दर सणाला त्या तिथे जात. या वेळी गेल्या नाहीत. जे सांगायचं ते टेबलापाशी सांगून झालं होतं. परतीच्या एसटीत मंगरूळपर्यंत उभं राहून आल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी टोपली कुंपणावरून परत दिली. संत्री मोजून तेवढीच. गुलाबराव टोपलीकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटलं. त्याच्या हातचं नाकारलं असं वाटलं असावं. बाईंनी काय झालं ते सांगितलं, म्हातारीच्या लोणच्यासकट. मग त्याने वेगळंच विचारलं.

"त्या जंबेऱ्या कोठी हायेत?"

पिशवी दारामागे होती. अंगणात येऊन त्याने एक दाबून पाहिली, वास घेतला आणि म्हणाला, की दर साली रोपांसाठी त्याला कारंज्याला जावं लागते. संत्र्याची बाग उभी राहते ती जंबेरीच्या मुळावर, अन चांगलं बी सहजी भेटत नाही. या झाडाने दुष्काळ काढला. याचं बी त्याला पाहिजे होतं. अन ते ताजंच पेरायला पाहिजे, ठेवून चालत नाही.

"झाड तोडू नको मग," बाई म्हणाल्या. "बियाला राहू दे."

"तोडाचं कोनं म्हटलं?"

"आणि थोडं बी माझ्या अंगणात पेरते. रोपं झाली की डोळा कसा बांधतात ते मला शिकव. तू बांधायचा नाहीस. मी बांधणार."

गुलाबरावने डोकं खाजवलं. "दीड वरीस डोया बांधाले. पाच वरीस फळाले. किती झाले?"

"साडेसहा."

"अन तुमचं वय?"

"त्रेसष्ट."

मग तो फावड्याने अंगणाच्या कोपऱ्यातली माती मोकळी करू लागला. "पेरा मंग," म्हणाला.

दुपारभर बाई फळं चिरून पिळत होत्या. बी पाण्यात धुतलं, चूल उकरून राख आणली, तिच्यात ते घोळलं आणि सुपात सावलीला पसरलं. निम्मं गुलाबराव धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेला. उरलेलं त्यांनी बोटाच्या पेराएवढं खोल, ओळीने, वाफ्यात पेरलं. कोंबड्या उकरतील म्हणून वर बाभळीच्या डहाळ्या टाकल्या. पाणी शिंपडलं. उन्हं उतरली होती. मळ्यातली माणसं घरी गेली आणि कुंपणापलीकडची मोट थांबली. अंगणात बोलायला कोणी नव्हतं. हात दोनदा धुतले तरी बोटांचा आंबट वास जाईना. तशाच हातांनी त्यांनी एका माणसापुरतं पीठ घेतलं आणि भाकर थापायला बसल्या.