हाताने लावलेला नट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—ते माझं मलाच नीट कळत नाही.

चाकूरला माझं जीपगाड्यांचं गॅरेज आहे. प्रकाश माझा मित्र, स्वतःची जीप चालवायचा. त्या वर्षी दुष्काळ होता, आणि नवा जिल्हा होणार अशी हवाही होती. जिल्हा झाला की साहेबांना गाड्या लागतील, म्हणून त्याने जीप दुरुस्तीला आणली. पुढचा स्टॅबिलायझर बार तडकला होता. हा आडवा दांडा वळणावर गाडीला एका अंगावर कलू देत नाही. जुना काढायचा, नवा बसवायचा. कितीदा केलेलं काम.

डावीकडचा शेवटचा नट हाताने फिरवून ठेवला, आता पान्याने आवळायचा—आणि गल्लीत टँकर आला. त्या उन्हाळ्यात टँकर आला की न्हावी अर्धी दाढी सोडून पळायचा. मीही पळालो. प्रकाशने माझी टाकी भरून दिली, मी त्याचे कॅन. जळकोटकडे त्याच्या मेहुण्याकडे बारसं होतं, बायकोला घेऊन तो तिकडेच निघाला होता, आणि तिथं पाणी नव्हतं. कॅन टपावर बांधून तो म्हणाला, "सोड आता दत्ता, सुनंदा घरी वाट बघायलीय." मी जॅक उतरवला. बॉनेटवर थाप मारली. नट आठवला होता का? नव्हता. पण त्याने काय होतं?

जळकोटच्या अलीकडच्या वळणावर जीप उलटली. सुनंदावहिनी जागीच गेल्या.

मोडकी जीप माझ्याच दारात आणून टाकली. मी खाली वाकून पाहिलं. डावीकडे बार सुटून लोंबत होता. नट नव्हता. तपासणीचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. मग मी—डब्यातून एक जुना नट शोधला, बसवला, आणि या वेळी पान्याने आवळला. वरून माती चोळली.

साहेब बघून गेले, गाडीत दोष नाही म्हणाले. गावभर झालं, प्रकाशला गाडी चालवताना झोप लागली. तो प्लास्टरमधला हात घेऊन माझ्याकडे आला.

"गाडीत कायी खोट होती का रं? डोळा लागल्याचं तर मला आठवत न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो. "गाडी ठीक होती."

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "मंग लागला आसंल."

त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. त्याची मुलगी वैशाली मामाकडे राहायला गेली, तिने बापाशी बोलणं सोडलं. दर रविवारी तो गॅरेजवर येऊन बसायचा आणि हिशेब लावायचा—आदल्या दिवशी किती वाजता झोपलो, काय खाल्लं, कुठल्या क्षणी डोळा मिटला असेल. मी ऐकायचो. चहा सांगायचो. एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?

गेल्या वर्षी वैशालीचं लग्न ठरलं. ती स्वतः घरी आली. म्हणाली, काका, कन्यादान तुम्ही आणि काकूंनी करायचं, त्या माणसाने नाही. नाही म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं. ते मी दिलं नाही.

प्रकाश मांडवात अगदी मागच्या खुर्चीवर बसला होता. मी आणि बायको पाटावर बसलो. वैशालीचा हात माझ्या हातात आला. विधी उरकल्यावर तो पुढे आला आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला.

मी पडू दिलं.