दोन पायथॉन

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आईच्या कॉम्प्युटरवर पायथॉन दोन कशाला?" म्हणून हे लिहिते.

इंदिरानगरच्या घरी तुमची आई कॉलेजचा प्रोजेक्ट करत होती. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्ससोबत आलेला पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, जुना होता, म्हणून तिने नवा टाकला. माझ्या फडताळात एका जिन्नसाचे दोन डबे कधी नसत. "जुना काढून टाक बरं," मी हट्टच धरला. तिने काढला आणि स्क्रीन काळी झाली. सगळं त्या जुन्यावरच चालत होतं, आणि प्रोजेक्ट उद्याच द्यायचा होता. मला रडूच आलं.

"अगं आई, तू चहा टाक," ती हसली. संध्याकाळपर्यंत तिने लिनक्स पुन्हा बसवलं, प्रोजेक्टही वाचवला. या वेळी जुना जागेवरच राहिला. नव्यासाठी तिने वेगळा फोल्डर केला आणि नाव दिलं, 'आईने हात लावू नये'.

त्या फोल्डरचं नाव ती अजून तेच ठेवते.