बेटावर जायचे माणशी चार आणे

स्वस्तात सहल कशी करावी हे जगाने आपल्याकडून शिकावं, असं आमच्या वडिलांचं प्रामाणिक मत होतं. देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. ओळखीची माणसं उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायला लागली होती आणि त्यांच्या तोंडून बोटिंगच्या गोष्टी ऐकून आम्ही दोघा बहीणभावांनी घरात भुणभुण लावली होती. वडिलांनी तोडगा काढला: मुळशी. पाणी तेच, डोंगर तेच, एस्टीचं भाडं मात्र किरकोळ. धरणाच्या पाण्याकाठी एक बंगला मिळतो असं कळलं आणि त्यातल्या खोलीचं भाडं ऐकून तर वडील हरखूनच गेले.

 आईचं माहेरचं गाव ह्याच धरणाखाली गेलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती लहानपणीच पुण्याला मामाकडे आली, त्यामुळे घरात तो विषय कधी निघत नसे. जिथे जाता येत नाही त्या गावाची चौकशी तरी कोण करणार? तिने पिशवीत स्टोव्ह, पीठ, डाळ-तांदूळ भरले आणि तळाशी एक नारळ आणि खण ठेवला.

"नारळ कशाला? नुसतं ओझं," वडील म्हणाले.

"असू दे," आई म्हणाली.

बंगल्यावर पोचलो तेव्हा राखणदाराने वडिलांचा सगळा आनंद पुसून टाकला. "खोलीचं भाडं येगळं, सायेब. खाटंचं येगळं. कंदील लावला तर त्येचं बी येगळं." गरम पाण्याचे पैसे पडत होते. व्हरांड्यात आरामखुर्च्या मांडल्या होत्या, त्यांत बसायचेसुद्धा पडत होते.

वडील खमके. त्यांनी खाटा परत केल्या आणि आम्ही सतरंजीवर झोपलो. जेवणं उजेडातच उरकायची. आरामखुर्ची लांबून बघायची. स्वयंपाक्याचे पैसे वाचवायला आई होतीच. तिने पोळ्या लाटल्या, पाणी भरलं, भांडी घासली, म्हणजे पुण्यात जे करायची तेच वाकून वाकून केलं. सुट्टी आमची तिघांची होती. हे लिहिताना मला वडिलांचा राग येतो आहे.

समोर पाण्यात एक टेकडी होती, चारी बाजूंनी सुटी झालेली, बेटासारखी. गावातला एक म्हातारा तिथे नावेतून न्यायचा, माणशी चार आणे. आई भांडी घासायची ती त्या बेटाकडे तोंड करून. शेवटच्या दिवशी वडिलांनी परतीचं भाडं बाजूला काढून खिसा चाचपला. तिघांपुरतेच पैसे होते.

"मी थांबते," आई लगेच म्हणाली. "मला पाण्याची भीती वाटते."

वडिलांना हायसं वाटलं. मग आईने नारळ आणि खण माझ्या हातात दिला. "वर देवी आहे. पाणी यायच्या आधी गावच्या माणसांनी तिला उचलून टेकडीवर नेली. मी पाहिलंय. तिच्यापुढे ठेव." नारळ सोडायला तिने जरा वेळच लावला.

नाव थोडी पुढे गेली तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, "नारळ कुनाचा गं?"

"आईचा. देवीच्या ओटीचा." मी आईच्या गावाचं नाव सांगितलं.

त्याने वल्हं पाण्याबाहेर काढून धरलं. "सायेब, जितीजागती लेक काठावर असताना देवीची वटी दुसऱ्याच्या हातनं धाडत्यात व्हय?"

"तिला भीती वाटते पाण्याची," वडील म्हणाले.

"ह्या गावच्या पोरीला?" म्हाताऱ्याने नाव वळवली.

आई काठावर कढई घासत होती. "कुनाच्या घरातल्या वो तुमी, बाई?" त्याने नावेतूनच विचारलं.

"चिंचेखालच्या घरातली. धाकटी."

म्हातारा तिच्या हनुवटीवरच्या व्रणाकडे बघत राहिला. "चिचंवरनं पडली व्हतीस, ती तू?"

"व्हय," आई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. ती झाडावर चढली असेल हेही आम्हाला नवीनच होतं. परका माणूस आपल्या बायकोला अगं-तुगं करतोय हे बघून वडील चपापले, पण आई पदराला हात पुसून नावेत बसलीसुद्धा.

"चौघांचे पैसे आत्ता माझ्याकडे..." वडिलांनी सुरुवात केली.

"तुमी तिघं पाव्हणं, तुमचं घेतो. हिचं कशाचं घ्यू? हितं खाली हिच्या बापाची खाचरं हायेत. आपल्याच रानातनं जायाचं पैसं मागू व्हय मी?"

नाव परत निघाली. आई पाण्यात हात सोडून सांगत होती, हे आमचं खळं, ही विहीर, इथून शाळेची वाट. सगळीकडे पाणी सारखंच दिसत होतं. तरी प्रत्येक वेळी वडील वाकून बघत होते.

वर करवंदीच्या जाळीत शेंदूर लावलेला एक दगड होता. आईने खण ठेवला, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. ती निघणार तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "थांब. लेक रिकाम्या वटीनं जायाची न्हाई." त्याच्याजवळ तांदूळ कुठले असणार? त्याने जाळीतली पिकलेली करवंदं ओंजळभर तोडली आणि आईच्या पदरात घातली. आई रडली. मला फार भीती वाटली, कारण ती रडते हे मला माहीत नव्हतं.

बंगल्यावर परतल्यावर वडिलांनी एक आरामखुर्ची ओढली आणि बेटाकडे तोंड करून ठेवली. "बस."

"अहो, पैसे पडतात त्याचे."

"पडू देत," ते म्हणाले आणि राहिलेली कढई घासायला गेले.

त्या खुर्चीपायी एस्टीच्या भाड्याला पैसे कमी पडले. आम्ही पुण्याच्या बरंच अलीकडे उतरलो आणि पिशव्या घेऊन चालत निघालो. वडील कुरकुरले नाहीत. भावाला भूक लागली होती, त्याने आईकडे करवंदं मागितली. ताटातला शेवटचा घासही आम्हाला भरवणाऱ्या आईने पदराची गाठ मुठीत धरली.

"ही माझी आहेत," ती म्हणाली.